विचारी गाडी

गाडीच्या दोन्ही दारांतून दोन-दोन पाय बाहेर आले होते. ड्रायव्हरच्या बाजूचे बायकोचे, पलीकडचे तिच्या नणंदेचे. दोघींचं उरलेलं सगळं डॅशबोर्डखाली होतं. नवरा मागच्या सीटवरून पुढे ओणवा होऊन दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून होता.

"दादा, सरळ धर," नणंद खालून म्हणाली.

"धरलंय."

"हलतंय."

"म्हणजे सरळच आहे."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्या म्हाताऱ्या गाडीचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. डावीकडे म्हटलं की गाडी आधी ऐकून घ्यायची, मग विचार करायची, मग पटलं तर वळायची. त्यामुळे नुसतं सरळ जायचं तरी स्टेअरिंग सारखं डावं-उजवं घुसळत राहावं लागे. नवरा कित्येक वर्षं ते घुसळत होता आणि त्याला कौशल्य म्हणत होता. पाहुणे उतरताना त्याच्याशी हात मिळवत, बोटीच्या कप्तानाशी मिळवावा तसा.

बायकोला लायसन्स मिळालं त्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "स्टेअरिंगची ढिलाई काढलीस की खुशाल चालव." म्हणजे कधीच नाही, असं त्याला म्हणायचं होतं. बायकोने ते आमंत्रण समजून नणंदेला बोलावून घेतलं. नणंद एका कारखान्यात खोकी वाहून नेणारे पट्टे दुरुस्त करायची. सरळ न चालणाऱ्या गोष्टींचा तिला मनापासून राग होता.

"सापडली!"

नणंदेचा काळाकुट्ट हात वर आला. हातात स्टेअरिंगचा दांडा खालच्या यंत्राला जोडणारी रबराची चकती होती. निदान कधीकाळी असावी. बोल्टांची भोकं झिजून एवढी मोठी झाली होती की बायकोने त्यातल्या एकातून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, छान दिसताय."

नणंदेने पट्ट्याचं जाड रबर आणलं होतं, आत कापडाचे थर असलेलं. बायकोने जुनी चकती वर ठेवून खडूने माप घेतलं, जिभेचं टोक बाहेर काढून नवी चकती कापली, भोकं पाडली. मग दोघी पुन्हा खाली गेल्या.

"वन्सं, अजून थोडं पिळा."

"वहिनी, आता बोल्ट नाही, मी तुटेन."

अखेर दोघी बाहेर आल्या. बायकोने नवऱ्याच्या रुमालाला हात पुसले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"आधी मी बघतो," नवरा किल्ली मुठीत आवळून म्हणाला. "जिवाचा प्रश्न आहे."

तो स्टेअरिंगवर बसला, बायको शेजारी, नणंद मागे. त्याने नेहमीसारखं घुसळायला सुरुवात केली आणि आजवर कानाआड केलेलं सगळं गाडीने एकदम मनावर घेतलं. ती गल्लीतून नागिणीसारखी निघाली. एक सायकलवाला उतरून भिंतीला चिकटला. एका कुत्र्याने डावीकडे पळून पाहिलं, उजवीकडे पळून पाहिलं आणि शेवटी रस्त्याच्या मधोमध बसून घेतलं. गाडी त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली, असं नणंद पुढे शपथेवर सांगायची.

"बिघडवलीत! दोघींनी मिळून चांगली गाडी बिघडवलीत!"

"दादा, स्टेअरिंग सोड."

"वेड लागलंय का तुला?"

"सोडून तर बघ."

त्याने सोडलं. गाडी दोरीवर धरल्यासारखी सरळ जाऊ लागली.

ती तशी बरीच लांब गेली. ज्याचं दुःख त्याला करू द्यावं, एवढं शहाणपण दोघींना होतं.

मग त्याने ब्रेक दाबला, उतरला आणि वळसा घालून पलीकडे आला. त्या बाजूचं दार कसं उघडतं हे त्याला माहीत नव्हतं. बायकोने आतून उघडून दिलं आणि सरकून स्टेअरिंगमागे बसली.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "पण हळू."

गाडीला एक उचकी लागली आणि ती निघाली. पुढे काहीच झालं नाही. रस्ता सरळ होता, गाडी सरळ होती. बायकोचे हात जागच्या जागी होते, कारण त्यांना दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं. मागे नणंद मोठ्याने गायला लागली. ते गाणं नव्हतं, नुसता आवाज होता. नवऱ्याचे हात मात्र हवेत डावं-उजवं घुसळतच होते.

"चालू द्या तुमचं," बायको म्हणाली. "मला अडचण नाही."

मोठ्या चौकातलं सर्कल आलं. तिने स्टेअरिंग वळवलं आणि त्याच क्षणी गाडी वळली. बायको "अय्या!" म्हणाली. मग खदखदून हसली आणि अख्खं सर्कल फिरली. मग आणखी एकदा.

"रस्ता चुकलीस का?"

"नाही हो. सापडला!"

तिसऱ्या फेरीला नवऱ्याचे हात थांबले आणि आपणहून मांडीवर आले. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने खिडकीबाहेर पाहिलं. याच सर्कलवरून तो रोज कामाला जायचा.

"या कोपऱ्यावर कारंजं कधी बांधलं?"

"आपल्या लग्नाच्या आधी."

त्याने घाईघाईने काच खाली केली आणि मान बाहेर काढली. "अगं, केवढं मोठं आहे!"

तोवर कारंजं मागे पडलं होतं. बायकोने स्टेअरिंग तसंच वळतं धरून ठेवलं आणि त्याला ते पुन्हा दाखवलं.