चांदीचं टोपण

गुलाम राखायचे तर उत्तरेशी फारकत घ्यायलाच हवी, असं सांगताना गव्हर्नर प्रूइट यांनी बायकोचं, शिवताना बोटात घालायचं चांदीचं टोपण सभेला दाखवलं होतं. “रक्त सांडलंच तर एवढ्याशात मावेल.” दक्षिणेतलं त्यांचं राज्य अमेरिकेतून फुटून निघालं, युद्ध पेटलं, तरी सभेसभेत लोक अजून “टोपण दाखवा, साहेब” म्हणत, त्यामुळे ते त्यांच्या खिशातच असे. आजही निवडणुकीची सभा होती. बग्गी दारात उभी. बायको परसात बसून, लढाईत पडलेल्या लेकाचा कालच आलेला कोट धूत होती. तिसऱ्यांदा बदललेलं पाणीही लाल झालं होतं. “दासीला सांग ना,” ते हळूच म्हणाले. “मी शिवलाय तो. माझं टोपण द्या,” ती म्हणाली. त्यांनी दिलं. तिनं ते टबात बुडवून काठोकाठ भरलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. “हे भरलं. बाकीचं कशात ठेवू?”