इमारतीची गोधडी

पृथ्वी वाचवायचा विडा सोफिया शहरात वेसेलाबाईंनी एकटीने उचलला होता. हीटरची ऊब बाहेर जाऊन इंधन वाया जाऊ नये, म्हणून बिऱ्हाडा-बिऱ्हाडाच्या नाकदुऱ्या काढून त्यांनी अख्ख्या इमारतीला बाहेरून जाड अस्तर लावून घेतलं. सगळ्यात आडवे आले ते स्तामेनकाका. म्हणूनच 'आदर्श हरित इमारत' ही पाटी द्यायला नगरपालिकेचे साहेब आले, तेव्हा बाई त्यांना मुद्दाम काकांच्याच दारात घेऊन गेल्या.

बाहेर बर्फ पडत होता. काकांनी बनियनवरच दार उघडलं.

"या साहेब! उगाच भांडलो हो मी हिच्याशी. पोरीने सोन्यासारखं काम केलंय."

बाईंची मान ताठ झाली.

"पूर्वी हिवाळाभर खिडक्या लावून बसावं लागायचं. आता दिवसभर सताड उघड्या ठेवल्या, तरी घर कसं भट्टीसारखं!"