मोकळे हात

"रिंदाला, तू जरा लांब बस, पोरी," सासरे म्हणाले. "तुझ्या अंगाला फुलपाण्याचा वास येतोय. ग्लासात वाईनशिवाय दुसरं काही यायला नको."

ती बाळाला घेऊन खिडकीपाशी सरकली. त्याचं पोट दुखत होतं म्हणून सकाळी नारिंगाच्या फुलांचं पाणी चमच्यानं पाजलं, त्यातलं निम्मं त्यानं तिच्या खांद्यावर काढलं. वाईन चाखताना टेबलापाशी अत्तर नको, वासाचा साबण नको, हा नियम या घरात तिनंच घालून दिला होता.

टेबलाशी आता तिची मोठी जाऊ जुमाना उभी होती. केस मागे घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. समोर बैरूतहून आलेल्या मदाम ओदेत. त्यांना पटेल ती वाईन त्यांच्या हॉटेलात वर्षभर चालणार, आणि जी सून ती पटवून देईल तिचा शब्द इथून पुढे घरच्या वाईनच्या तळघरात चालणार. सासऱ्यांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाळ होईपर्यंत तो शब्द रिंदालाचा होता.

किब्बे आलं. दलियाबरोबर कुटलेलं कच्चं मटण, वर ऑलिव्हचं तेल, कडेला पुदिना. मदामनी सवयीनं अरकाकडे, बडीशेपेच्या कडक दारूकडे, हात नेला.

"आज अरक नको," जुमाना म्हणाली. "ही पांढरी घेऊन बघा. अरकानं जीभ बधिर होते. ही मटणाला बोलू देते."

रिंदालाचे कान तापले. मटणाला बोलू देते. गेल्या हिवाळ्यात, पोटुशी असताना, स्वयंपाकघरात कांदे सोलता सोलता तिनंच हे जुमानाला सांगितलं होतं. तेव्हा जुमाना नुसती हसली होती.

मदामनी घास घेतला, घोट घेतला, आणि लगेच दुसरा घास घेतला.

"झाहलेसारख्या अरकाच्या गावात बसून किब्ब्याबरोबर अरक नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या कानावर गेलं तर मला घरात घ्यायचे नाहीत. कुणाचं डोकं हे?"

"आमच्या थोरल्या सुनेचं," सासरे म्हणाले. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

जुमानानं खिडकीकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मग ग्लासाची कड पुसायला घेतली.

"तुझं बरंय, जुमाना," रिंदाला हसत म्हणाली. "तुझे हात मोकळे असतात. मला तर नाक पुसायलाही फुरसत नाही."

मदाम हसल्या. सासरेही हसले. जुमाना या घरात रिंदालाच्या कितीतरी आधी आली होती, आणि माळ्यावरचा पाळणा यंदाच खाली उतरला होता. तिचं फडकं त्या एकाच कडेवरून फिरत राहिलं.

निखाऱ्यावरचं मटण आलं तशी जुमानानं तांबडी वाईन उघडली. थोडी ओतून घेतली, हुंगली, थांबली. पुन्हा हुंगली. मग ग्लास घेऊन खिडकीपाशी आली.

"जरा वास घे," ती हळूच म्हणाली. "काहीतरी खटकतंय. की मलाच तसं वाटतंय?"

"मला लांब बसवलंय ना?"

"रिंदाला. घे गं."

जुमानानं बाळाला एका हातानं उचलून घेतलं आणि दुसऱ्या हातानं ग्लास पुढे केला.

रिंदालानं ग्लासात नाक घातलं. भिजलेला पुठ्ठा. बुचानं बाटली नासवली होती, यात शंका नव्हती. तिच्या जिभेवर शब्द तयार होते. छान आहे, ओत. मदाम एक घोट घेतील, त्यांची एक भुवई वर जाईल, आणि पुढच्या वेळी टेबलाशी कोण उभं राहायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

बोलण्याआधी तिनं वर पाहिलं.

जुमाना उत्तराची वाट बघत नव्हती. बाळाच्या मानेत, जावळाच्या खाली, तिनं नाक खुपसलं होतं. रिंदालानं तिला वाईन हुंगायला शिकवलं होतं अगदी तसं. डोळे मिटून आधी एक लहान श्वास, मग थांबून दुसरा, खोल. सकाळपासून किरकिरणारं बाळ गप्प झालं होतं.

"जुमाना, मटण गार होतंय," सासऱ्यांनी हाक मारली.

जुमानाला ती ऐकू गेली नाही.

रिंदालानं ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"बाळ दे इकडे," ती म्हणाली.

वाईनचं तिनं काही सांगितलं नाही. जुमानानं विचारलंही नाही. बाळ न सोडता तिनं फक्त त्याच्या मानेत तिसरा श्वास घेतला.