आत कोण आहे?

लिफ्ट एक हिसका देऊन थांबली आणि दिवा गेला. समृद्धीने आधी आपल्या मजल्याचं बटण दाबलं, मग सगळीच दाबली. एकही पेटलं नाही. तेव्हा कुठे तिला आठवलं की आत ती एकटी नाही.

मागच्या कोपऱ्यात नयन उभी होती. शेवंतीची मुलगी. शेवंती समृद्धीच्या घरी आणि त्याच मजल्यावरच्या आणखी दोन घरी धुणंभांडी करायची. शाळा सुटली की नयन बाळकुमच्या गावठाणातून सरळ या टॉवरमध्ये यायची आणि आईचं काम आटपेपर्यंत जिन्यात बसून राहायची. कामवाल्यांची लिफ्ट मागच्या बाजूला होती. ती आज बंद होती. समृद्धी स्केटिंगहून परतली, वॉचमन फोनवर बोलत होता, तेवढ्यात नयन तिच्यामागून पटकन आत शिरली होती.

"तू आमच्या लिफ्टमध्ये का आलीस?" समृद्धी अंधारात म्हणाली. "तुझ्यामुळेच बंद पडली."

समृद्धीने तिला बजावलं की तिथेच उभं राहायचं, जवळ यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. तिची मम्मी संचिता तिला नेहमी सांगायची, ही मुलं वाईट नसतात, पण लांबूनच बरी. त्यांच्याकडून काय घरात येईल सांगता येत नाही. समृद्धीने तेही सांगून टाकलं, अगदी मम्मीच्याच आवाजात. दोघी तिसरीत होत्या, वेगवेगळ्या शाळांत.

पंखा बंद होता. आतली हवा गरम व्हायला लागली. समृद्धीने बेल दाबून धरली; ती कुठेतरी लांब वाजत राहिली, कोणी आलं नाही. तिने दारावर थापा मारल्या. स्केट्सची पिशवी हातातून पडली. श्वास पुरत नाही असं तिला वाटायला लागलं आणि ती खाली बसून रडू लागली, आधी दाबून, मग मोठमोठ्याने.

नयन कोपऱ्यातून हलली नाही. हलायचं नाही असं सांगितलं होतं. पण रडणं थांबेना, तेव्हा तिने तिथूनच विचारलं, "येऊ?"

समृद्धी हो म्हणाली.

नयन शेजारी येऊन बसली. आमच्या खोलीत लाइट रोजच जाते, तिने सांगितलं. लाइट गेली की ती आणि आई एक खेळ खेळतात. एकीने पाठ करायची, दुसरीने पाठीवर बोटाने अक्षर काढायचं, आणि पहिलीने ते ओळखायचं. समृद्धीने मुकाट्याने पाठ वळवली. पहिलं अक्षर तिला आलं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याला ती खात्रीने 'एट' म्हणाली. तो ळ होता. नयन हसली, मग समृद्धीही हसली. नंतर समृद्धी इंग्रजी अक्षरं काढू लागली आणि चुकायची पाळी नयनची आली. बराच वेळ गेला. समृद्धीने ठरवून टाकलं की वाढदिवसाला हिला बोलवायचं, आणि तसं सांगितलंही. केक कापताना सगळ्यांना टोपी देतात का, नयनने विचारलं. देतात, समृद्धी म्हणाली, आणि गुलाबी टोपी तिच्यासाठी ठेवायचं कबूल केलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दारावर धपाधप आवाज झाला. मम्मी होती. तिच्यामागे बरीच माणसं बोलत होती.

"समू, घाबरू नको बाळा. लिफ्ट आता वर येईल. आत कोण आहे गं तुझ्याबरोबर?"

समृद्धी उठून उभी राहिली. तिला खूप काही सांगायचं होतं. नयन आहे, नयन अजिबात रडली नाही, मी पण आता रडत नाहीये. तिने तोंड उघडलं आणि नयनचा तळहात तिच्या तोंडावर बसला.

"एकटीच आहे म्हण," नयन तिच्या कानाशी म्हणाली.

समृद्धीने मान हलवली, नाही म्हणून. नयनने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी विनवणी केल्यासारखं. वरून मम्मीनेही पुन्हा विचारलं.

"एकटीच आहे, मम्मी."

वर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दिवा लागला, लिफ्ट हलली. नयन झटकन बाजूला झाली आणि बटणांच्या शेजारी भिंतीला चिकटून उभी राहिली, दार उघडलं तरी बाहेरून दिसणार नाही अशी. पोट आत ओढलेलं, हात पाठीमागे. तिला तो सराव होता.

"पण तू आहेस ना," समृद्धी हळूच म्हणाली.

"मोठी माणसं आली की मी नसते," नयन म्हणाली. "आईने सांगितलंय."

दार उघडलं. संचिताला आत तिची मुलगी एकटीच दिसली.