पाण्यातला बदल

दिवाणखान्यातल्या भिंतभर टाकीचं सगळं काकांनी यंत्रावर सोपवलं होतं. माशांना खायला घालायचं, दिवे लावायचे, पाणी बदलायचं, सगळं तेच करायचं. काका सोफ्यावर पसरून फोनवर त्याचे निरोप वाचायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

आज काकूंशी वाजलं म्हणून ते जेवले नव्हते. तेवढ्यात निरोप आला : ‘एकजण खात नाहीये. रुसलेला दिसतो.’

काकांनी टाकीत डोकावलं. मासे तर खाण्यावर तुटून पडले होते.

‘‘बघा, यंत्रालासुद्धा कळलं!’’ फोनमध्ये डोकावून काकू खिदळल्या.

फोन पुन्हा वाजला : ‘काळजी नसावी. पाणी बदललं की खाईल.’

खाणं टाकून सगळे मासे काचेशी आले आणि काकांकडे बघत राहिले.

यंत्राच्या नळीतून फरशीवर येणारं गार पाणी काकांच्या तळपायांना लागलं.

काकू खुर्चीवर चढून ओरडल्या, ‘‘अहो, दोन घास खाऊन घ्या ना पटकन!’’