नळाला पाणी

शिवादादानं मित्राला खासगी ईमेलमध्ये सरकारला नावं ठेवली, ती मित्राच्या आधी पोलिसांनीच वाचली! तेव्हापासून दादा गायब. आज पोलिसांचे साहेब थेट घरी आले आणि त्यांनी दादाच्या धाकट्या बहिणीलाच, सुकेशनीला, त्याला मेल लिहायला बसवलं.

"लिही, आई लई आजारी आहे, लगेच घरी ये."

आई दारात धडधाकट उभी होती. सुकेशनीनं मुकाट्यानं लिहिलं आणि शेवटी हळूच घातलं, 'आता आपल्या नळाला रोज पाणी येतं.' संभाजीनगरात असली थाप कुणाला पटणार? दादा बरोबर सावध होईल!

साहेब वाचून गालातल्या गालात हसले. "पोरी, मी पण इथंच, सिडकोत राहतो."

ती ओळ खोडून त्यांनी स्वतः टाइप केलं, 'पाण्याचे लई हाल आहेत, दादा. हंडे भरायला तरी ये.' आणि मेल पाठवून टाकला.