घरात नसलेलं मांजर

"पोहोचलीस की फोन कर," आईनं तिसऱ्यांदा बजावलं.

"करते गं. आणि वाक्य लक्षात आहे ना?" लेकीनं चपला घालता घालता विचारलं.

"विसरेन होय! मांजराला दूध घातलंस का?"

दोघी हसल्या. घरात मांजर नव्हतंच. मांजर म्हटलं की दोघींच्याही कपाळाला आठ्या. पण शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात दारूची बाटली सापडली, तेव्हा समुपदेशक बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, घरी बसून एखादं खुळं वाक्य ठरवा. जीव घाबरा झाला, मोह आवरेनासा झाला, की फोनवर तेवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्यानं का, कसं विचारायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही. हातातलं काम टाकून धावत यायचं.

दारात दोघींनी मिठी मारली. जाता-येता एकमेकींचा वास घ्यायची सवयच लागली होती त्यांना.

लेक मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि घर आईला खायला उठलं. नवरा दुसरा संसार थाटून गेल्यापासून पोरगी संध्याकाळची कधी बाहेर पडलीच नव्हती. आज आईनंच तिला बळंबळं पाठवलं होतं.

बेल वाजली. शेजारीण चकचकीत खोकं घेऊन उभी.

"ह्यांना ऑफिसात भेट मिळाली. आमच्यात कुणी शिवत नाही बाई! ठेव, पाहुण्यारावळ्यांना होईल."

"अहो, नको. घरात वयात आलेली पोर आहे."

"तेच म्हणते मी! एवढं मोकळं सोडू नये पोरींना. हल्लीच्या मुलांचा काही नेम नाही."

खोकं हातात कोंबून बाई गेल्यासुद्धा. नाही म्हणणं आईला कधी धड जमलंच नव्हतं.

खोक्यात दारूची बाटली होती. आईनं ती पिठाच्या डब्यामागे ठेवली. मग तिथून काढून रजयांखाली, मग शिलाई मशीनच्या खणात. छे! कुठेही ठेवली तरी सापडणारच. या घरातल्या लपवायच्या जागा दोघींना पाठ होत्या.

फोन आला. "पोहोचले गं! धमाल चाललीये."

"काय देतायत प्यायला?"

"सरबत! तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये?"

फोन ठेवला तरी पोरीचं हसणं कानात राहिलं. कितीतरी महिन्यांनी ती अशी खळखळून हसली होती. आज तिला पोटभर हसू दे, एवढंच आईला वाटत होतं. तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली. दोनदा बाल्कनीत जाऊन आली. परत येऊन पाहिलं तर बाटली ओट्यावर. तिथे कधी आणून ठेवली, तिचं तिलाच कळलं नाही.

सरळ मोरीत ओतून टाकावी, कटकट संपली! पण त्यासाठी झाकण उघडावं लागलं असतं.

आईनं फोन लावला. पलीकडे गाणी, आरडाओरडा, आणि त्यातून लेकीचा आवाज.

"काय गं आई? काही विसरले का मी?"

"नाही गं..." आईनं ओट्याकडे पाठ केली. "मांजराला दूध घातलंस का?"